पाचोळ्यातला राखणदार

मराठीत काजव्याच्या वाट्याला फारसं बरं काही आलेलं नाही. कानाखाली एक बसली की डोळ्यांपुढे चमकतात ते काजवे. कुणी फार मिरवायला लागलं की "सूर्यापुढे काजवा" म्हणून त्याला जागेवर बसवायचं. एक तर मार, नाही तर अपमान! गोगलगाईच्या बाबतीत मात्र म्हण अगदी नेमकी आहे. "गोगलगाय अन् पोटात पाय". दिसायला गरीब, आतून वेगळीच. प्राणिशास्त्रात तिच्या कुळाचं जे ग्रीक नाव आहे, गॅस्ट्रोपॉड, त्याचाही शब्दशः अर्थ "पोट-पाय" असाच होतो. आपल्या आज्या-पणज्या काही ग्रीक शिकल्या नव्हत्या, पण त्यांनी गोगलगाय उलटी करून बघितली होती हे नक्की.

या दोघांचं एकमेकांशी काय नातं आहे हे मात्र कुठल्याच म्हणीत सापडत नाही. नातं अगदी साधं आहे. काजवा गोगलगाय खातो.

मला हे कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. कोकणात वाढलेल्या मुलीनं असं म्हणणं जरा विचित्रच, पण लहानपणी काजवा म्हणजे आम्हाला फक्त उजेड. मुठीत धरायचा, बोटांच्या फटीतून बघायचा आणि आजीनं "सोड गो त्याला" म्हटलं की सोडायचा. तो दिवसा कुठे असतो, काय खातो, जून संपला की कुठे जातो, असले प्रश्न कुणी विचारले नाहीत आणि कुणी उत्तरंही दिली नाहीत.

तर मंडळी, आधी थोडी ओळख करून देते.

काजवा म्हणजे माशी नव्हे की पतंगही नव्हे. तो भुंगेऱ्यांच्या जातीचा. जगभरात काजव्यांच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. आपण झाडावर लुकलुकताना बघतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा अंक, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. बऱ्याच जातींचे मोठे काजवे त्या दिवसांत जवळजवळ काही खातही नाहीत. जोडीदार शोधायचा, ओलसर जमिनीत अंडी घालायची, खेळ खलास. त्याआधीचं सगळं आयुष्य, जातीप्रमाणे काही महिने ते वर्ष-दोन वर्षं, जमिनीवर जातं. ओल्या पाचोळ्यात, दगडाखाली, कुजक्या ओंडक्याच्या सालीखाली, अळीच्या रूपात. खाणं-पिणं, वाढणं सगळं तिथेच.

आणि ही अळी दिसायला काही म्हणजे काही देखणी नाही हो. लांबट, चपटी, काळपट तपकिरी. अंगावर कौलं शाकारावीत तसे एकावर एक पत्रे. डोकं इवलंसं, तेही पुढच्या पत्र्याखाली ओढून घेतलेलं. माझ्या भाचीनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "आत्या, गोमेनं चिलखत घातलंय!" शेपटीच्या टोकाशी मात्र दोन ठिपके असतात, मंद हिरवट उजेडाचे. काजव्याच्या सगळ्याच जातींच्या अळ्या असा उजेड देतात. अगदी ज्या जातींचे मोठे काजवे चमकत नाहीत, त्यांच्यासुद्धा. अळीला काही लग्न जमवायचं नसतं. मग हा उजेड कशाला? तर बेडूक-पालींसारख्यांना इशारा म्हणून. "मी चवीला कडू आहे, उगाच तोंड खराब करू नका!"

तिचं जेवण बघण्यासारखं असतं, पण ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे त्यांनी हा परिच्छेद नंतर वाचावा. गोगलगाय जाते तिथे चिकट माग सोडते. अळी त्या मागावरून हुंगत हुंगत जाते. तिचे जबडे कोयत्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ. त्यांनी ती गोगलगाईला दोन-चार बारीक चिमटे काढते, विष सोडते आणि गोगलगाय लुळी पडते. मग पाचक रस आत सोडायचे, मांसाचं कालवण झालं की शोषून घ्यायचं. रिकामा शंख मागे राहतो. ज्याँ आंरी फाब्र या फ्रेंच निरीक्षकानं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी यावर एक सुंदर प्रकरण लिहिलंय. शल्यचिकित्सक रोग्याला भूल देतो तशी ही अळी आधी गोगलगाईला भूल देते आणि मगच जेवते, हे त्यानं तासन् तास बसून पाहिलं होतं. जपानात तर गेंजी-बोतारु नावाच्या प्रसिद्ध काजव्याची अळी चक्क ओढ्याच्या पाण्यात राहते आणि पाण्यातल्या गोगलगाई खाते. ओढे घाण झाले, गोगलगाई गेल्या, तसे काजवेही गेले. मग लोकांनी काजव्यांसाठी ओढे स्वच्छ करायला घेतले.

आता इतकी सगळी माहिती मी का गोळा केली, ते सांगते. त्याला आमचं आगर कारण आहे.

आमचं घर राजापूर तालुक्यात. घरामागे छोटंसं आगर. नारळ, पोफळी, दोन रातांबे, एक जायफळ, आणि पावसाळ्यात आईची भाजी: पडवळ, दोडकी, काकडी, लाल माठ, विहिरीच्या कडेला अळू. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी असते. वय शहात्तर. मी पुण्यात, दादा मुंबईत. "आमच्याकडे ये" हे आम्ही दोघांनी म्हणून झालं आणि "पाऊस संपला की बघू" हे तिनं दर वर्षी म्हणून झालं. असो.

तीन पावसाळ्यांपूर्वी गावात एका नव्या बंगल्याच्या बागेसाठी ट्रक भरून माती आणि कुंड्या आल्या. त्याच्या पुढच्या पावसात आमच्याकडे पाहुणे आले. हाताच्या तळव्याएवढे! आपल्या नेहमीच्या चिमुकल्या गोगलगाई नव्हेत. तपकिरी पट्ट्यांचा टोकदार शंख असलेली शंखी गोगलगाय, आफ्रिकेतली. ती आपल्या देशात आली कशी, याची गोष्टही मजेशीर आहे. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासक साहेबानं मॉरिशसहून काही गोगलगाई कलकत्त्याला आणल्या आणि तिथल्या बागेत त्या सुटल्या. तेव्हापासून त्या कुंड्यांतून, मातीतून, रोपांच्या मुळांतून देशभर हिंडतायत. एका वेळी शंभरावर अंडी घालतात, आणि प्रत्येक गोगलगाय नर-मादी दोन्ही असल्यामुळे अंडी कुणीही घालू शकतं. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली होती. ते फोटो तुम्हीही पेपरात पाहिले असतील.

आमच्याकडे त्यांनी एका रात्रीत आईचं माठाचं सगळं वाफं साफ केलं. दुसऱ्या रात्री पडवळाची रोपं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आई भाजीसाठी रडणारी बाई नाही. पण आवाजात काहीतरी होतं. "अगो, सकाळी उठून बघते तर नुसत्या काड्या," एवढंच म्हणाली आणि विषय बदलला. एकटं राहणाऱ्या माणसाच्या हातातलं एक काम गेलं की सबंध दिवसच हलका होऊन जातो, हे मला त्या फोनवर कळलं.

दादा कामाचा माणूस. पुढच्याच शनिवारी गावी गेला आणि तीन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, गोगलगाईंचं औषध, म्हणजे मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, सगळ्या आगरात टाकायच्या. दोन, पोफळीखालचा सगळा पातेरा गोळा करून जाळायचा, म्हणजे त्यांना लपायला जागा उरणार नाही. तीन, मागच्या बाजूला मोठा एलईडी फ्लडलाइट. त्याचं कारण गोगलगाय नव्हतं. त्या वर्षी दोन घरं सोडून असलेल्या काकांचा कुत्रा बिबट्यानं उचलला होता आणि आई रात्री न्हाणीघराकडे जाताना एकटीच असते.

पहिल्या दोन गोष्टींवर मी फोनवर भांडले. तिसरीवर भांडायला मला तोंडच नव्हतं.

कारण एव्हाना मी वाचायला लागले होते, आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली होती. दादाच्या यादीतल्या तिन्ही गोष्टी काजव्याच्या मुळावर येणाऱ्या होत्या. जगभरातल्या काजव्यांच्या अभ्यासकांचं मत घेऊन २०२० साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. काजव्यांना सगळ्यात मोठे धोके कुठले? राहायची जागा जाणं, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. जागा, उजेड, विष! आमच्या दादानं ती पाहणी वाचलेली नव्हती, पण यादी तीच केली होती. आणि त्याचा यात काही दोष नव्हता. आईची काळजी असलेला कुठलाही मुलगा हीच यादी करेल.

म्हणजे पेच असा. गोगलगाईचा जो शत्रू पाचोळ्यात फुकट राबतोय, त्यालाच आपण गोगलगाईच्या नावाखाली हाकलणार. बरं, शत्रू तरी किती कामाचा? इथे मला उगाच फुशारकी मारायची नाही. तळहाताएवढ्या गोगलगाईला आमच्या आगरातली बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम मोठी अळी काय करणार? श्रीलंकेत एक दांडगा काजवा आहे, लॅम्प्रिजेरा कुळातला. त्याची अळी बरीच मोठी होते आणि ती या आफ्रिकन गोगलगाईसुद्धा मारते. १९२० च्या दशकात तिथल्या शेतीखात्यातल्या लोकांनी तिचं सगळं जीवनचरित्र लिहून ठेवलं होतं. ते वाचून १९५० च्या दशकात हे काजवे गोगलगाईंच्या बंदोबस्तासाठी थेट हवाई बेटांवर नेले गेले. तिथे ते रुजले नाहीत.

त्याच सुमाराला आणखी एक प्राणी तिथे नेला होता, गोगलगाई खाणारी एक अमेरिकन गोगलगाय. ती मात्र चांगलीच रुजली! पण तिनं मोठ्या आफ्रिकन गोगलगाई सोडून तिथल्या जंगलातल्या नाजूक स्थानिक गोगलगाईंवर ताव मारला. पुढे १९७० च्या दशकात ताहिती आणि मूरिया बेटांवरही तिला नेलं आणि तिथल्या कित्येक जाती जंगलातून कायमच्या नाहीशा झाल्या. तेव्हा "मित्रकीटक" हा शब्द मी जपून वापरते. मित्र म्हणजे पार्सलनं मागवायची वस्तू नाही. जो आधीपासून आपल्या अंगणात राहतोय, तिथलं खाऊन तिथलाच हिशेब राखतोय, तो मित्र. त्याच्यासाठी आपल्याला वेगळं काही करायचं नसतं, फक्त त्याचं घर मोडायचं नसतं.

आमच्या अळीचा हिशेब असा आहे. ती मोठी शंखी गोगलगाय संपवणार नाही. पण आपल्याकडच्या लहान गोगलगाई, बिनशंखाच्या गोगलगाई, ज्या रोपांचे कोवळे शेंडे रात्रीत खातात, त्या तिचं रोजचं अन्न. शंखी गोगलगाईची अंड्यातून नुकती निघालेली पिल्लंही ज्वारीच्या दाण्याएवढीच असतात, ती तिच्या आवाक्यात यावीत. थोडक्यात, लहानसहान चोर ती बघेल, दरोडेखोर आपण बघायचे.

गोळ्यांवरचं भांडण तसं लवकर मिटलं. मेटाल्डिहाइड कुत्र्यांना आणि कोंबड्यांनाही घातक. ब्रिटनमध्ये २०२२ पासून ते उघड्यावर वापरायलाच बंदी आहे. हे सगळं मी दादाला ऐकवत होते, पण त्याच्यावर परिणाम झाला तो आईच्या एका वाक्याचा. "शेजारच्या वहिनींच्या कोंबड्या दिवसभर आपल्याच आगरात असतात. त्यातली एक जरी मेली तरी मी त्यांना तोंड कसं दाखवू?" संपलं. गोळ्यांचा डबा माळ्यावर गेला.

पातेऱ्याचं जरा कठीण होतं. आमच्याकडे पातेरा म्हणजे कचरा नव्हे, तो भाजावळीला लागतो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, त्यावर कवळ आणि पातेरा पसरायचा आणि पेटवायचा, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आता आमचं भात नाही, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये आगर लख्ख झाडायची आईची सवय गेली नव्हती. झाडलेलं आगर म्हणजे संसार नीट असलेल्या बाईची खूण! तिला मी सांगणार, की तू झाडू नकोस म्हणून? आणि तेही पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून?

मग मी तिला अळी दाखवली. गणपतीत गेले होते तेव्हा. रात्री पाऊस थांबल्यावर आम्ही दोघी विजेरी न घेता विहिरीपाशी गेलो. दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. नुसता बेडकांचा गलका आणि पोफळीवरून टपटपणारं पाणी. मग पातेऱ्यात, अगदी आमच्या पायांशी, एक हिरवट ठिपका दिसला. जरा वेळानं दुसरा. न लुकलुकणारा, सावकाश सरकणारा उजेड. आई वाकून बघत राहिली. मग मी मोबाइलचा उजेड हाताआड धरून क्षणभर पाडला. अळीचं डोकं एका छोट्या शंखात होतं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तर रोज इथे असतात. मी समजत होते कसलातरी किडा."

"किडाच आहे," मी म्हटलं.

"तो नुसता किडा कसा? तो राखणदार."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो असं मानतात. तो दिसत नाही, रात्री फिरतो, आगराची राखण करतो. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा आणि एरवी त्याच्या वाटेत यायचं नाही. मी या गोष्टी मानते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण आईनं तो शब्द उच्चारला आणि माझ्या सगळ्या वाचनानं झालं नसतं ते काम झालं. राखणदाराच्या जागेवर झाडू मारत नाहीत! त्या वर्षीपासून विहिरीच्या अलीकडचा भाग लख्ख झाडलेला असतो आणि पलीकडचा पट्टा, पोफळीखालचा, आहे तसा. वाळलेली झापं, कुजका ओंडका, दोन दगड, शेवाळ. येणारे-जाणारे विचारतात, "मागचं साफ करायचं राहिलं वाटतं?" आई म्हणते, "राहू दे ते तसंच."

राहिला दिवा.

इथे मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. काजव्याचा उजेड म्हणजे त्याची भाषा. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफेरेज नावाचं विकर, आणि प्राणवायू एकत्र येतात आणि उजेड निघतो, जवळजवळ बिनउष्णतेचा. नर उडत उडत विशिष्ट लयीत लुकलुकतो, गवतात बसलेली मादी आपल्या लयीत उत्तर देते. काही जातींत तर मादीला पंखच नसतात, ती जन्मभर जमिनीवरच. आता या सगळ्यावर पांढराशुभ्र फ्लडलाइट टाका. ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभं राहून एकमेकांच्या कानात बोलायचा प्रयत्न करून बघा, म्हणजे कल्पना येईल. दिवा लावल्याच्या पुढच्या रोहिणीत, मृगाच्या आधी, विहिरीपाशी पाच-सहा काजवे दिसले. आम्ही लहान असताना तिथे मोजायचा प्रश्नच नव्हता, जांभळीचं झाड नुसतं धगधगायचं. आता ते सगळे एका दिव्यानं गेले असं मी म्हणणार नाही. मधल्या चाळीस वर्षांत गावात रस्त्याचे दिवे आले, बंगले आले, बागांवर फवारण्या वाढल्या. पण उरलेल्या पाच-सहांसाठी आमचा दिवा मोठा होता.

आणि दुसऱ्या पारड्यात? माझी आई. शहात्तर वर्षांची, गुडघे दुखणारी, रात्री दोनदा उठणारी. बिबट्या हा आमच्याकडे गप्पांचा विषय नाही, तो खरंच येतो. फुरसं, घोणस पायाखाली येतात. काजव्यांसाठी तू अंधारात चाल, असं म्हणणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं. निसर्गप्रेम करायला आपण पुण्यात असायचं आणि त्याची किंमत द्यायला आई कोकणात, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

दोन महिने आम्ही यावर काही बोललोच नाही. मग तोडगा आईनंच काढला. तिनं दादाला सांगितलं, "मला काय आगरभर उजेड नको. मला पाय कुठे पडतोय ते दिसलं की झालं." दादानं मग खरंच डोकं चालवलं. फ्लडलाइट काढला नाही, पण त्याचं बटण आईच्या खाटेजवळ आणलं. कसला आवाज आला, कुत्री भुंकायला लागली, तर झोपल्या जागेवरून सगळं आगर उजळवता येतं. एरवी तो बंद. न्हाणीघराच्या वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे दोन छोटे दिवे लावले. वर झाकण असलेले, उजेड फक्त खाली पायावर टाकणारे, माणसाची चाहूल लागली की लागतात आणि दोन मिनिटांनी विझतात. त्यांचा रंग पिवळसर आहे, पण रंगावर फार भरवसा ठेवू नका. पिवळ्या उजेडाचाही काजव्यांना त्रास होतो असं अभ्यासकांना दिसलंय. काजव्याच्या दृष्टीनं सगळ्यात चांगला दिवा म्हणजे विझलेला दिवा.

मोठ्या गोगलगाईंचं काय केलं, हे विचारणार असालच. ते काम आईचं. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याशेजारी टाकायचं. रात्री गोगलगाई त्याखाली जमतात. सकाळी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हा उपाय शेतीखातंही सांगतं. हातमोजे मात्र घालाच, या गोगलगाईंच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा एक जंत असू शकतो. अंडी मातीत पुंजक्यानं सापडतात, साबुदाण्यासारखी. ती दिसली की ठेचायची. आई हे सगळं मोजते. पंचांगाच्या समासात रोजचा आकडा पेन्सिलनं लिहिलेला असतो. पहिल्या पावसाळ्यात एका सकाळी दोनशेच्या वर गेला होता. मागच्या पावसाळ्यात चाळिशीच्या पुढे क्वचितच गेला. माठ परत आलाय. पडवळ अर्धं त्यांचं, अर्धं आपलं.

यात अळ्यांचा वाटा किती आणि आईच्या बादलीचा किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. मला तर बादलीचाच जास्त वाटतो. पण आई काही केल्या मानत नाही. तिच्या मते ती दिवसपाळी करते आणि राखणदार रात्रपाळी.

हल्ली मे महिन्याच्या शेवटी भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात, बघण्यासारखंच असतं ते, जरूर जा. फक्त जाल तेव्हा गाडीचे दिवे बंद करा, मोबाइल खिशात ठेवा आणि पायवाट सोडून गवतात शिरू नका. वर झाडावर वरात असते, पण पायाखाली माद्या, अंडी आणि पुढच्या वर्षीचे सगळे काजवे असतात. आणि ज्यांच्याकडे परसबाग, सोसायटीची बाग, फार्महाउस असं काही आहे त्यांनी एक कोपरा झाडायचा सोडून द्या. जरा ओल राहू दे, पानं कुजू देत, फवारणी तिथवर नेऊ नका, आणि रात्री दिवा बंद करा. काजवे येतीलच असं नाही, मुळात आसपास असले तरच येतील. नाही आले तरी गांडुळं येतील, बेडूक येतील, खत फुकट मिळेल. नुकसान काहीच नाही.

आमच्याकडे यंदा रोहिणीत विहिरीपाशी अकरा होते. आईनं फोनवर सांगितलं, बटण बंद करून, ओट्यावर बसून, दोनदा मोजले म्हणे. अकरा म्हणजे काही फार नव्हेत. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "अगो, गेल्या वर्षी सातच होते. आणि हे उडणारे झाले. खालचे कुणी मोजलेत?"